आकाशवाणीची तिजोरी आणि आकाशवाणीचा आवाज

जळगाव–अजिंठा रस्त्यावरील पहूर येथे घरात, दुकानात किंवा खळ्यावर रेडिओ लावणाऱ्या माणसाला त्या ऐकण्याबद्दल आज कोणालाही काहीही द्यावे लागत नाही. दैनिकाचे बिल महिन्याला चुकवावे लागते, डिशचे रिचार्ज संपले की चित्र थांबते, मोबाइलवर गाणी ऐकायची तर डेटा लागतो. मात्र चाळीसएक किलोमीटरवरील जळगाव आकाशवाणीवरून शेतीविषयक सल्ला, हवामानाचा अंदाज, भक्तिगीते आणि बातम्या बिनपैशाने घरात येतात. निवेदकांचे वेतन, प्रक्षेपकाची वीज, मनोऱ्याची देखभाल आणि बातमीदारांचे मानधन यांवर खर्च तर होतच असतो. हा खर्च कोण करतो, हा पहिला प्रश्न. आणि जो खर्च करतो त्यालाच काय ऐकवायचे हे ठरविण्याचा अधिकार मिळतो काय, हा त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न होय. सार्वजनिक प्रसारणाच्या निधीवरून चालणारे वाद वरवर पाहता जमाखर्चाचे वाटतात, परंतु त्यांच्या तळाशी नागरिकांचे भाषणस्वातंत्र्य आणि राष्ट्राची ओळख कोणी ठरवायची हे दोन विषय असतात. ते समजून घेण्यासाठी पैसा कोणत्या वाटेने येतो हे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते.

लहरी कोणाच्या मालकीच्या?

रेडिओचा आवाज विद्युतचुंबकीय लहरींवरून प्रवास करतो. लहर एका सेकंदात जितकी आवर्तने करते त्या संख्येला वारंवारता म्हणतात, आणि एकाच परिसरात दोन केंद्रे एकाच वारंवारतेवर बोलू लागली तर दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळून कोणाचेच कळत नाही. छापखाने कितीही निघू शकतात, परंतु वापरण्याजोग्या वारंवारता मोजक्या असतात, म्हणून त्यांचे वाटप करणारी कोणीतरी यंत्रणा लागते. या खऱ्या तांत्रिक गरजेचा आधार घेऊनच सरकारी मक्तेदारी उभी राहिली. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रावरील विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता. पुढे बिनतारी प्रक्षेपणही त्याच अधिकाराखाली आले, आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने तर विनापरवाना रेडिओ संच बाळगणे हाच गुन्हा ठरला.

या मक्तेदारीला घटनात्मक उत्तर मिळण्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले. १९९३ मधील हीरो चषक क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपण परदेशी कंपनीकडून करवून घेण्यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने दिलेल्या निकालात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये बोलण्याचे जे स्वातंत्र्य आहे, त्यात माहिती मिळविण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे, आणि त्यावर निर्बंध घालायचे तर ते अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच, म्हणजे देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी यांसारख्या कारणांसाठीच घालता येतात. सरकारला मक्तेदारी हवी आहे हे कारण त्या यादीत नाही. लहरींचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेने करावे, असा या निकालाचा रोख होता. लहरी जनतेच्या, तर त्यांवरून बोलणारी संस्था जनतेची विश्वस्त ठरते, आणि विश्वस्ताला वेतन कोण देतो हा प्रश्न तेथूनच गंभीर होतो.

दहा रुपयांचा परवाना आणि यात्रेची वर्गणी

भारतातील प्रसारणाची सुरुवात खाजगी कंपनीने केली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातील मोठा वाटा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी १.५ किलोवॅट असल्याने खानदेशासारख्या भागापर्यंत तो आवाज नीट पोहोचणे शक्य नव्हते, संच महाग होते, आणि देशभरातील परवान्यांची संख्या आठ हजारांच्याही पुढे गेली नाही. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने प्रसारण ताब्यात घेतले आणि १९३६ मध्ये त्या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

परवाना मात्र टिकून राहिला. घरी रेडिओ असला की परवान्याची पुस्तिका असे, दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन तीत शुल्काची तिकिटे लावून शिक्का मारून घ्यावा लागे, आणि अनेक वर्षे घरगुती संचाचे हे शुल्क पंधरा रुपये होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत संपुष्टात आली, आणि तेव्हापासून रेडिओ ‘फुकट’ झाला.

पैशाच्या वाटेचा आवाजाशी असलेला संबंध गावच्या यात्रेवरून ध्यानात येतो. यात्रेचा, बारागाड्यांचा आणि रात्रीच्या तमाशाचा खर्च घरटी वर्गणीतून होतो तेव्हा पंच कमिटीला सगळ्या आळ्यांचे ऐकावे लागते, कारण पुढच्या वर्षी पुन्हा प्रत्येक दारी जायचे असते. तोच खर्च एखाद्या धनवंताने एकट्याने उचलला, तर त्याने तोंडाने काही मागितले नाही तरी मानाचा नारळ कोणाच्या हाती द्यायचा हे कमिटी आपणहून ठरवून मोकळी होते. परवाना शुल्क हे श्रोत्यांच्या वर्गणीसारखे आहे, तर सरकारी अनुदान एका दात्याच्या देणगीसारखे.

येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. भारतात श्रोत्यांची ही वर्गणी आकाशवाणीच्या हाती थेट कधीच पडली नाही. आकाशवाणी सरकारचे खाते असल्याने परवान्याची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या सामायिक तिजोरीत जमा होई, आणि आकाशवाणीला जे मिळे ते अर्थसंकल्पातील तरतुदीने मिळे. म्हणजे श्रोता पैसे देत होता, परंतु त्यामुळे त्याचा शब्द चालत नव्हता. परवाना रद्द झाला तेव्हा श्रोत्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि हक्क गमावल्याची जाणीवही कोणाला झाली नाही.

दुसरी वाट जाहिरातीची. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिरातींना सुरुवात झाली, आणि १९७६ पासून दूरदर्शनवरही त्या आल्या. जाहिरातदार मंत्र्यासारखे आदेश देत नाही, परंतु त्याला ग्राहक हवा असतो. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या माणसाच्या क्रयशक्तीचा हिशेब मुंबईतील कचेरीत मांडला जातो, आणि तो हिशेब जुळला नाही तर त्या बोलीतील कार्यक्रमाला पुरस्कर्ता मिळत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, पुणे आकाशवाणीने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन कार्यक्रम एकत्र ऐकायचे, त्यांवर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व मते केंद्राला कळवायची, अशी ही पद्धत होती, आणि पुढे ती देशभर नेण्यात आली. असे काम कोणत्याही जाहिरातीच्या दरपत्रकात बसणारे नव्हते. ते सार्वजनिक पैशानेच होऊ शकले.

आणीबाणीत संपादक कोठे होता?

सरकारी पैशाचा धोका किती खोल जाऊ शकतो, हे १९७५ ते १९७७ या काळाने दाखवून दिले. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आणीबाणीची घोषणा देशाला आकाशवाणीवरूनच ऐकविली. त्यानंतर काही दिवसांतच माहिती व प्रसारण मंत्री इंद्रकुमार गुजराल यांना त्या खात्यातून हलविण्यात आले आणि विद्याचरण शुक्ल यांच्याकडे ते सोपविण्यात आले. किशोर कुमार यांनी सरकारी प्रचारकार्यात सहभागी होण्यास नकार दिल्यावर त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा असताना लोकांनी घरीच थांबावे या हेतूने दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला.

नियतकालिकांची मुस्कटदाबी याच काळात झाली, तरी त्यांच्या आणि रेडिओच्या स्थितीत एक मूलभूत फरक होता. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर अभ्यवेक्षकाने, म्हणजे छपाईपूर्वी मजकूर तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, अडविला तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ऐन आणीबाणीत एका छोट्या नियतकालिकाचा संपादक सरकारविरुद्ध दाद मागू शकला, कारण तो सरकारचा नोकर नव्हता. आकाशवाणीच्या वृत्तकक्षात दाद मागू शकेल असा कोणी उरलाच नव्हता. तेथे अडविणारा आणि अडविला जाणारा हे एकाच खात्याच्या वेतनपटावर होते. स्वतंत्र निधी म्हणजे संस्थेला मिळणारी चैन नव्हे, तर ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस निर्माण करण्याचे ते साधन आहे, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

जनता सरकारने नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या राष्ट्रीय प्रसारण न्यासाची शिफारस केली. त्यापूर्वी साठच्या दशकात अशोक चंदा समितीनेही आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांना स्वायत्त महामंडळांकडे देण्यास सांगितले होते. १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबरच संपले, १९९० मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन एका स्वायत्त महामंडळाकडे सोपविणारा प्रसार भारती कायदा संमत झाला आणि त्यानंतरही सात वर्षे तो अंमलात आला नाही. १५ सप्टेंबर १९९७ रोजी तो लागू झाला तेव्हा पंतप्रधानपदी होते इंद्रकुमार गुजराल. विरोधात असताना स्वायत्ततेची मागणी करायची आणि सत्तेत आल्यावर किल्ली हातची सोडायची नाही, हे वर्तन कोणा एका पक्षापुरते मर्यादित राहिलेले नाही.

राष्ट्राचा सूर कोणी ठरवायचा?

निधीच्या वादाला राष्ट्रीय अस्मितेचा धागा सुरुवातीपासूनच जोडलेला आहे. १९४० मध्ये हार्मोनियम भारतीय संगीताला अनुरूप नाही असे ठरवून आकाशवाणीने तिला दूर केले, आणि ही बंदी तीन दशके चालली. ज्या मराठी माणसाच्या कानात नाट्यसंगीत पेटीच्या साथीनेच रुजले होते, त्याला ‘भारतीय’ काय हे दिल्लीतील कार्यालयाने सांगितले. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व प्रसारण खाते सांभाळणारे डॉ. बा. वि. केसकर हे मराठी मंत्री शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या काळात सुरू झाला, असंख्य गायक-वादकांना आकाशवाणीने आधार दिला, आणि त्याच काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाले’ला चिकटून बसले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू उदात्त होता यात शंका नाही, परंतु राष्ट्राची अभिरुची मंत्रालयाने ठरवावी ही कल्पनाच सदोष होती, कारण अभिरुचीवर चालणारा अधिकार मतांवर चालायला वेळ लागत नाही.

हा वाद जुना झालेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागपूर येथील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विजयादशमी मेळाव्यातील सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनने थेट दाखविले; तो बातमीमूल्याचा निर्णय होता असे समर्थक म्हणाले, तर सार्वजनिक वाहिनी एका संघटनेसाठी वापरली गेली असे विरोधक म्हणाले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण मजकुरात बदल केल्याशिवाय प्रसारित करण्यास नकार देण्यात आला. २०२३ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव वगळून सर्वत्र ‘आकाशवाणी’च म्हणण्याचा आदेश निघाला आणि २०२४ मध्ये डीडी न्यूजचे बोधचिन्ह भगव्या रंगाचे झाले. यांतील प्रत्येक निर्णयाबद्दल दोन मते असू शकतात आणि असावीत. परंतु हे निर्णय सरकारच्या इच्छेने झाले की संस्थेच्या स्वतंत्र विचाराने, हे नागरिकाला खात्रीने कळू नये, हाच खरा दोष आहे. चित्रपटकार आनंद पटवर्धन यांना ‘फादर, सन अँड होली वॉर’ हा माहितीपट दूरदर्शनवर यावा यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच तो प्रश्न सुटला. प्रत्येक नागरिकाला तेवढी चिकाटी आणि तेवढे साधन असत नाही.

कायदा काय देतो आणि काय राखून ठेवतो

प्रसार भारती कायद्याचा मजकूर शांतपणे वाचला असता स्वायत्ततेचे दार कोठे उघडे आहे आणि कोठे कडी लावलेली आहे, हे नेमके दिसते.

| चौकट : प्रसार भारती कायदा, १९९० |
|---|
| कलम १२ : देशाची एकता आणि घटनेतील मूल्ये जपणे, मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा अधिकार राखणे. |
| कलम १४ : श्रोत्यांच्या व प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी प्रसारण परिषद. |
| कलम १७ : केंद्र सरकारकडून येणारा निधी. |
| कलम १३ : महामंडळावर देखरेखीसाठी २२ खासदारांची संसदीय समिती. |
| कलम २३ : देशाची सुरक्षितता, सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकारला निर्देश देण्याचा अधिकार. |

कलम २३ वर सर्वाधिक टीका होते, परंतु अधिक परिणामकारक कलम १७ आहे. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला दोन प्रकारच्या रकमा देऊ शकेल, असे ते सांगते : वसुलीखर्च वजा जाता उरणारे परवाना शुल्क, ते असल्यास, आणि त्याखेरीज सरकारला आवश्यक वाटतील तेवढ्या रकमा. कायदा संमत झाला तेव्हा परवाना शुल्क अगोदरच रद्द झालेले होते, म्हणजे पहिल्या प्रकारची रक्कम शून्य होती. उरली ती दुसरी, आणि ती किती असावी हे सरकारला काय ‘आवश्यक’ वाटते यावर सोडलेले आहे. कलम १२ ने सत्य सांगण्याचे कर्तव्य सोपविले आणि कलम १७ ने ते कर्तव्य बजावण्याचे साधन दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवले.

मनुष्यबळाची कथाही तशीच आहे. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी हे प्रतिनियुक्तीवरील, म्हणजे मूळ सेवा सरकारकडेच ठेवून महामंडळात पाठविलेले, सरकारी नोकर मानले जावेत अशी दुरुस्ती पुढे कायद्यात झाली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने ती न्याय्य होती, परंतु वेतनाचा भार त्यामुळे सरकारी अनुदानावरच राहिला. यंत्रसामग्रीचा खर्चही तेथूनच येतो : जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी व दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २०२५–२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे आणि तिची गरजही आहे; पण ती मिळणे न मिळणे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याच कारभाराची बातमी या संस्थेला द्यायची असते.

खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, ती केवळ आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवू शकतात. त्यामुळे पहूरसारख्या गावात रेडिओवरील बातमीचा दुसरा आवाजच नाही, आणि जो एकमेव आहे त्याच्या स्वातंत्र्याचे मोल त्यामुळे वाढते.

इतर देशांनी काढलेल्या वाटा

ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी परवाना शुल्क आहे. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड झाले. पैसा श्रोत्याकडून येतो, परंतु दर सरकार ठरवते, म्हणून दरवाढीच्या वेळी दबाव येतोच. अमेरिकेत १९६७ पासून कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगमार्फत संघराज्याचा पैसा स्थानिक केंद्रांना मिळत होता. २०२५ मध्ये काँग्रेसने आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि त्या संस्थेला गाशा गुंडाळावा लागला. एका वर्षीच्या मतदानावर अवलंबून असलेली संस्था एका वर्षीच्या मतदानाने संपू शकते, याचा हा पुरावा आहे.

जर्मनीची रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली दिसते. तेथे प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो देते. रक्कम किती असावी याची शिफारस स्वतंत्र तज्ज्ञ आयोग करतो आणि राज्यांना ती ठोस कारणाशिवाय नाकारता येत नाही. झाक्सेन-आनहाल्ट या एका राज्याने ८६ सेंटची वाढ रोखून धरली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने हे कृत्य प्रसारणस्वातंत्र्याचा भंग ठरविले. निधी अडविणे हाच आवाज अडविण्याचा मार्ग आहे, हे त्या न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मान्य केले. भारतात घरटी वर्गणी पुन्हा लावणे गरीब कुटुंबांवर भार टाकणारे ठरेल आणि तशी आवश्यकताही नाही. पैसा तिजोरीतूनच यावा, मात्र तो पाच वर्षांसाठी एकदम ठरावा आणि किती हे मंत्रालयाऐवजी वित्त आयोगाच्या धर्तीवरील स्वतंत्र आयोगाने ठरवावे.

पुण्याचे सात दहाचे बातमीपत्र

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला आणि सकाळचे सात वाजून दहा मिनिटांचे बातमीपत्र छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे जाणार असे ठरले. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी यांनी जोरदार विरोध केला आणि काही दिवसांतच निर्णय स्थगित झाला. बातमीपत्र वाचले याचा आनंद योग्यच आहे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी श्रोत्यांना विचारले गेले नाही आणि तो थांबला तो मंत्र्यांच्या हस्तक्षेपाने, हेही तितकेच खरे आहे. पुण्याकडे आवाज उठविणारी वर्तमानपत्रे होती. जळगाव किंवा धुळे केंद्राबाबत असा निर्णय झाला, तर खानदेशातील श्रोत्याने तक्रार कोठे करावी? कायद्याने दिलेली दोन ठिकाणे म्हणजे कलम १४ ची प्रसारण परिषद आणि कलम १३ ची संसदीय समिती. या दोन्हींची आजवर स्थापना झालेली नाही.

स्वतंत्र निधी आयोगासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि तिला वेळ लागेल. कलम १३ साठी मात्र नवा कायदा नको, नवा कर नको आणि वेगळी आर्थिक तरतूदही नको. लोकसभेतील १५ आणि राज्यसभेतील ७ सदस्य निवडले की समिती उभी राहते. पहूर ज्या जामनेर विधानसभा क्षेत्रात आहे ते रावेर लोकसभा मतदारसंघात मोडते, आणि खानदेशातील रावेर, जळगाव, धुळे व नंदुरबार येथून चार खासदार दिल्लीला जातात. आकाशवाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला एक पत्र लिहून एवढेच विचारावे, की १९९० च्या कायद्यातील ही समिती केव्हा स्थापन होणार, आणि त्याचे उत्तर लेखी मागावे.